आखूड झालेले कपडे आणि त्यांचा भाव

पत्राचा सारांश

एका वाचक आईने हे पत्र लिहिले आहे. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी अडीच वर्षांची आहे; तिसरे मूल नको, हे नवरा-बायकोने मिळून ठरवले आहे. कपाटाचे दोन खण आणि पलंगाखालच्या पिशव्या मुलांना न होणाऱ्या कपड्यांनी भरल्या आहेत. मुलीच्या जन्मानंतर नोकरी सुटली, तेव्हा घरखर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी हे कपडे ऑनलाइन विकायला सुरुवात केली. मात्र हौसेने घेतलेले आणि एकदाच घातलेले महागाचे कपडे तसेच पडून आहेत, लोक 'शेवटचा भाव सांगा' एवढाच निरोप पाठवून गप्प होतात, आणि मुले झोपल्यानंतरचे तास फोटो काढण्यात व उत्तरे देण्यात जातात. झबल्याच्या गळ्यावरचा डाग फोटोत दिसत नव्हता, असे म्हणून एका ग्राहक बाईंनी पैसे परत मागितले आहेत. लहान जावेला दिवस गेले आहेत, म्हणून 'घरात बाळ येणार आणि तू परक्यांना कपडे विकतेस?' असे सासूबाई म्हणाल्या. आपण भेट दिलेला फ्रॉक विक्रीला लावलेला पाहून नणंद दुखावली. मुलाने विकायच्या पिशवीतून स्वतःचा जुना स्वेटर 'हा माझा आहे' म्हणत काढून घेतला. 'मी हावरट झाले आहे का? सगळे वाटून टाकून मोकळे व्हावे, की कोणी काही म्हणो, विकत राहावे?' असे त्या विचारतात.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सारे गुंते त्यालाच जोडलेले आहेत. तुम्ही हावरट झालेल्या नाहीत. तुमच्या घरात नुसती पडून राहिलेली, पण दुसऱ्या मुलाच्या अंगाला अजून कित्येक महिने येईल अशी वस्तू तुम्ही मागणाऱ्या माणसाला त्याला परवडेल अशा दराने देत आहात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे मला काहीही दिसत नाही. मला खटकते ती प्रश्नाची मांडणी. 'सगळे वाटावे की सगळे विकावे' असे तुम्ही विचारता, तेव्हा त्या पिशव्यांत एकाच जातीची वस्तू भरली आहे असे तुम्ही धरून चालता. तुमचे पत्र मात्र वेगळे सांगते. त्या पिशव्यांत जावेच्या बाळाला उपयोगी पडणारी दुपटी आणि टोपडी आहेत, नणंदेने मायेने आणलेला फ्रॉक आहे, मुलाचा जीव अडकलेला स्वेटर आहे, आणि ज्यांच्याशी कोणाच्याच भावना गुंतलेल्या नाहीत असे पुष्कळसे साधे सुती कपडेही आहेत. या सर्वांना एकच नियम लावायला गेलात, तर कोणी ना कोणी दुखावणारच, आणि बहुतेक वेळा ते तुम्हीच असाल.

इतके कपडे साठले यात स्वतःची उधळपट्टी शोधू नका. जन्मताना साधारण ५० सेंटीमीटर लांबीचे बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षात ही वाढ सुमारे १२ सेंटीमीटरवर येते आणि चार-पाच वर्षांनंतर मूल वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वाढते. युरोपात मुलांच्या कपड्यांची मापे उंचीच्या सेंटीमीटरमध्येच असतात आणि ती ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८० अशी सहा-सहाच्या टप्प्याने चढतात, म्हणजे पहिल्या एका वर्षात बाळ पाचेक मापे ओलांडून जाते. इतक्या वेगापुढे कोणत्याही आईचा हिशेब टिकत नाही. मात्र याच वेगातून बाजाराचा एक नियम तयार होतो, आणि तो तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. अगदी लहान मापाचे कपडे कमी वापरले जातात, भेटीत भरपूर येतात आणि घरोघरी चांगल्या स्थितीत शिल्लक राहतात, त्यामुळे त्यांची विक्रीला गर्दी असते. चालत्या-पळत्या मुलाच्या विजारी गुडघ्यावर विरतात आणि शर्टांची बटणे तुटतात, म्हणून चार-पाच वर्षांच्या मापाचा धड राहिलेला कपडा दुर्मीळ असतो. तुमच्या मुलाच्या शाबूत अर्ध्या चड्ड्या आणि टी-शर्ट मुलीच्या तान्हेपणीच्या सुंदर झबल्यांपेक्षा लवकर खपत असतील, तर ते ग्राहकांचे अरसिकपण समजू नका.

आता भावाबद्दल. तुम्ही लिहिता की 'जवळजवळ नवा' असलेला फ्रॉक घेतलेल्या किमतीच्या निम्म्यालाही कोणी घेत नाही आणि हा तुम्हाला अन्याय वाटतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडेल. त्यांनी विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग देऊन टाकले, आणि नंतर ते किती पैशांना विकाल असे त्यांना व किती पैशांना घ्याल असे उरलेल्यांना विचारले. ज्यांच्या हातात मग आला होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. सारे मग अगदी सारखे होते, आणि मालकी मिळून फारसा वेळही झाला नव्हता. तुमच्याकडे हे कपडे वर्षानुवर्षे आहेत, शिवाय ज्यांनी ते घातले ती तुमची मुले आहेत. तेव्हा मनात येणारा भाव चढा असणे अगदी स्वाभाविक आहे, पण तो अनोळखी आईने द्यावा ही अपेक्षा तिच्यावर लादता येत नाही.

घेताना तुम्ही मोजलेले पैसे तेव्हाच खर्च झाले. घेणारी बाई त्या कपड्यात उरलेल्या वापराचे पैसे देते, म्हणजे तिच्या मुलाला तो किती महिने होईल, रोज धुता येईल का, घाईच्या सकाळी चटकन चढवता येईल का, याचे. जरीचा, अस्तराचा, समारंभाचा फ्रॉक तुमच्या मुलीने एकदाच घातला, तसा तो तिचीही मुलगी एकदाच घालणार, हे तिला ठाऊक असते. साधा सुती सदरा मात्र ती आठवड्यातून दोनदा वापरणार असते. म्हणून भाव ठरवताना विक्रीला लावलेल्या कपड्यांच्या किमती पाहू नका, कारण तिथे तुमच्यासारख्याच आशेने बसलेल्या इतर आया असतात. ज्या मंचावर 'विकले गेलेले' असे वेगळे पाहण्याची सोय आहे तिथे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या कपड्यांचे भाव पाहा. ती सोय नसेल, तर कोणत्या दराच्या जाहिराती दोन-चार दिवसांत निघून जातात याकडे लक्ष ठेवा.

'शेवटचा भाव सांगा' म्हणणाऱ्यांचा त्रास मी समजू शकते. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुम्ही भिडेपोटी आधी भाव उतरवता आणि नंतर मनात कुढत राहता, असे पत्रावरून जाणवते. जाहिरातीतच 'भाव ठाम आहे. तीन किंवा अधिक कपडे घेतल्यास कमी करता येईल' असे एक वाक्य लिहून ठेवा, आणि घासाघीस करणाऱ्याला तेच वाक्य नम्रपणे पुन्हा पाठवा. त्यापुढे उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

तुमच्या हिशेबात एक खर्च कुठेच दिसत नाही, तो म्हणजे तुमचा वेळ. एक झबले धुणे, इस्त्री करणे, चार बाजूंनी फोटो काढणे, मापे लिहिणे, पाच जणींना उत्तरे देणे, बांधणे आणि पाठवणे, या सगळ्याला एखादा तास सहज लागतो, आणि झबल्याचे मोल तेवढे नसते. म्हणून सुटे कपडे विकणे थांबवा. एका मापाचे व एका ऋतूचे आठ-दहा कपडे एकत्र करून त्यांचा गठ्ठा लावा. त्यात दोन-तीन देखणे आणि बाकीचे रोजच्या वापराचे असू द्या. घेणाऱ्या आईलाही हेच सोयीचे पडते, कारण वाढलेल्या बाळासाठी तिला अख्खा पुढचा संच हवा असतो. एकटा विकायचा तो जाड कोट, चांगले बूट, किंवा असाच एखादा कपडा ज्याचा भाव तुमच्या तासाला पुरून उरेल. मापाबाबत 'दोन वर्षे' असे नुसते वय लिहू नका, कारण प्रत्येक उत्पादकाची दोन वर्षे वेगळी असतात आणि सुती कपडा धुण्यात आटतो तो वेगळाच. कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंतची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंतची उंची आणि विजारीची आतली लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा. निम्मे प्रश्न तिथेच संपतील. लोकरीचे कपडे थंडी संपताना काढून ठेवायचे मनात येते, पण ते विक्रीला लावायची वेळ थंडी सुरू होण्याच्या आधीची असते. एका ऋतूत जे गेले नाही, ते पुढच्या वर्षी जास्त भावाला जाण्याची शक्यता फारच थोडी, कारण पडून राहिलेल्या कपड्याचे इलॅस्टिक सैल पडते आणि डाग वर येतात.

डागांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या झबल्याच्या प्रकरणात तुम्ही स्वतःला फसवणूक करणारी समजत आहात आणि ग्राहक बाईंना खोटारड्या; माझ्या मते दोन्ही चूक आहे. बाळाच्या तोंडातून झबल्याच्या गळ्यावर ओघळलेला दुधाचा थेंब धुतल्यावर दिसेनासा होतो. त्यातली प्रथिने आणि स्निग्धांश मात्र धाग्यांत थोडे राहून जातात, आणि कपडा महिनोन्महिने घडी करून ठेवला की हवेशी हळूहळू संयोग होऊन गळपट्टीच्या आतल्या बाजूला, शिवणीलगत, फिकट पिवळी रेघ उमटते. रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती अजिबात दिसत नाही. तुम्ही रात्री फोटो काढता असे तुम्हीच लिहिले आहे. त्या बाईंनी पाकीट दिवसा उघडले असणार. तेव्हा दोघीही खरे बोलत आहात. यापुढे फोटो दिवसा, खिडकीजवळ, कपडा पांढऱ्या चादरीवर पसरून काढा आणि गळा, काखा, बाह्यांची टोके, गुडघे व बसायची जागा एकदा उलट्या बाजूने तपासा. दुधाचे, वरणभाताचे किंवा रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात भिजवायचे असतात, कारण गरम पाण्याने प्रथिने गोठून धाग्याला घट्ट धरतात. मग एन्झाइम असलेल्या साबणाच्या पाण्यात काही तास ठेवून धुवावे, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये. इतके करूनही राहिला, तर त्या डागाचा जवळून एक फोटो घ्या आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत त्याचा उल्लेख करा. दोष आधी सांगितल्याने भाव थोडा उतरतो, पण नंतरची कटकट पूर्ण टळते.

त्या बाईंना आजच पूर्ण पैसे परत द्या. 'फोटो रात्री काढल्यामुळे डाग माझ्या लक्षात आला नाही, क्षमस्व. झबले परत पाठवण्याची गरज नाही' इतके लिहिणे पुरे. ते परत मागवायचा खर्च आणि मनस्ताप झबल्याच्या किमतीहून अधिक होईल.

काही कपडे मात्र कितीही चांगले दिसले तरी कोणालाच, विकतही आणि फुकटही, देऊ नयेत असे मी आग्रहाने सांगते. टोपीला किंवा गळ्याला ओढून बांधायची दोरी असलेले जॅकेट त्यात पहिले येते. घसरगुंडीवर किंवा गाडीच्या दारात अशी दोरी अडकून मुले दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकाप्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्याला डोक्याजवळ व मानेजवळ दोरी चालत नाही. जुन्या कपड्यांत हे नियम पाळलेले असतीलच असे नाही. दोरी पूर्ण काढून टाकता येत असेल तर काढून मग तो कपडा द्या. दुसरी गोष्ट लोंबणाऱ्या बटणांची आणि चिकटवलेल्या टिकल्या-मण्यांची. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत घालून पाहतात, आणि जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो श्वास अडकवणारा धरला जातो. कपड्यांची जवळजवळ सारी बटणे याहून लहान असतात. प्रत्येक बटण आणि टिचबटण ओढून पाहायला एक मिनिट लागते, ते कृपा करून लावा. कपड्यांबरोबर गाडीतले बाळाचे आसन किंवा सायकलचे शिरस्त्राण विकायचा मोह झाला, तर तोही आवरा. एका आघातानंतर त्यांची आतली ताकद गेलेली असू शकते आणि बाहेरून ते कळत नाही.

हे वाचणाऱ्या काही जणी घेणाऱ्याही असतील. वापरलेल्या कपड्यातून खरूज किंवा उवा येतील का, ही शंका त्यांच्या मनात हमखास असते. खरजेचे कीटक माणसाच्या त्वचेपासून दूर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत आणि उवा तर त्याहूनही कमी. आलेला कपडा गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवणे पुरेसे आहे. गरम पाणी न चालणारा लोकरीचा कपडा बंद पिशवीत चार-पाच दिवस ठेवावा.

आणखी एक काळजी तुमच्या मुलांची. कपडा अंगावर छान दिसतो म्हणून मुलीचा तो घातलेला फोटो जाहिरातीला लावता, ते आजपासून बंद करा. अनोळखी लोकांच्या हाती मुलाचा चेहरा, अंदाजे वय आणि तुमच्या घराचा परिसर हे तिन्ही एकत्र जाऊ देण्याचे काही कारण नाही. शाळेच्या नावाचा किंवा चिन्हाचा गणवेश असेल, तर तो उघड्या जाहिरातीत न लावता शाळेतल्या पालकांमध्येच द्या. कॉलरच्या आत लिहिलेले मुलाचे नाव काढून टाका. पैशांच्या बाबतीत एवढेच लक्षात असू द्या, की पैसे घेण्यासाठी स्वतःचा पिन किंवा मोबाइलवर आलेला संकेतांक कधीही टाकावा लागत नाही. 'हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील', 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' असे म्हणणारा ग्राहक ग्राहक नसतो.

आता घरातल्या माणसांकडे वळते.

सासूबाईंच्या बोलण्यात तुम्हाला आरोप ऐकू आला. मला त्यात, घरातले आधी घरातल्यांना मिळावे एवढी साधी इच्छा ऐकू येते, आणि ती रास्त आहे. मात्र या सगळ्यात जावेला काय हवे आहे हे कोणीच विचारलेले दिसत नाही. पहिलटकरणीला आपल्या बाळासाठी नवे काहीतरी स्वतः निवडायची हौस असू शकते. मोठ्या जावेकडून आलेला ढीग तिला नाकारता येणार नाही आणि तो आवडेलच असेही नाही. म्हणून पिशव्या उचलून तिच्या खोलीत नेऊ नका. तान्ह्या बाळाच्या मापाचे स्वच्छ, निवडक कपडे एकीकडे काढा, त्या कामाला सासूबाईंना सोबत बसवा, आणि जावेला सांगा, 'यातले तुला आवडेल ते घे, नको असेल ते निःसंकोच ठेवून जा. जे घेशील ते तुझे, परत करायची गरज नाही.' हे शेवटचे वाक्य वगळू नका. दिलेल्या कपड्याला डाग पडला की काय याची धास्ती तिने वर्षभर बाळगावी, असे देणे देऊ नये. तिच्याकडून पैसेही घेऊ नका, कमी करूनही नाही. परक्या ग्राहकाशी व्यवहार झाला की संपतो, पण जावेशी तो जेवणाच्या पानावर रोज बसतो. आणि तिने निवडून उरलेले कपडे विकायला तुम्ही पूर्ण मोकळ्या आहात, हे सासूबाईंच्या समोरच ठरू द्या.

नणंदेच्या बाबतीत कायदा विचाराल तर भेट दिली की ती घेणाऱ्याची झाली. तरीही तिला वाईट वाटले ते समजण्यासारखे आहे, कारण तिला तो फ्रॉक विकायला काढल्याचे कोणी सांगितले नाही, तिने तो किमतीच्या आकड्यासह पडद्यावर पाहिला. तिला फोन करा, निरोप टाकू नका. 'तू दिलेला फ्रॉक मुलीने घातला तो दिवस आठवतो. आता तो तिला होत नाही, तुला परत हवा आहे का, की दुसऱ्या कोणा मुलीला देऊ?' असे विचारा. बहुतेक वेळा 'दे गं, काय करायचाय' हेच उत्तर येते, पण विचारले जाण्याचा तिचा मान राहतो. पुढे कोणाचीही भेट विक्रीला लावण्याआधी, देणारा ती पाहू शकेल अशा ठिकाणी लावत असाल, तर हा एक फोन आधी करत जा.

'सगळे वाटून टाकावे' या पर्यायाला तुम्ही मनोमन अधिक पुण्याचा मानता, असेही मला पत्रात दिसले. त्यावर थोडे थांबून विचार करा. विकण्यात घेणाऱ्या आईला निवडीचा हक्क असतो. ती नाही म्हणू शकते, दोष दाखवू शकते, पैसे परत मागू शकते. फुकट घेणाऱ्याला यातले काहीच सहज करता येत नाही, त्यामुळे देणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते. उसवलेले, गोळे आलेले, चेन मोडलेले कपडे गाठोडे बांधून देऊन टाकले की आपले घर मोकळे होते, एवढेच त्यातून साधते. जगभरातून जमा झालेले जुने कपडे गाठींनी घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात जातात, आणि त्यातले जे विकण्यालायक नसते त्याचा कचरा तिथल्या गटारांत व समुद्रकिनाऱ्यावर साठतो. जुन्या कपड्यांपासून नवे कपडे होतात ही समजूतही फारशी खरी नाही. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. म्हणून जो कपडा उद्या सकाळी स्वतःच्या मुलाला घालून बाहेर नेण्याची तुमची तयारी असेल, तोच कोणाला द्या. त्यापलीकडचा घरात पुसणी म्हणून वापरा.

आणि मुलाचा स्वेटर. तो त्याला ठेवू द्या. तो खरोखरच त्याचा आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाला आपली वस्तू न विचारता नाहीशी झालेली चांगली कळते. दोन्ही मुलांसाठी एकेक बेताचा डबा ठरवा, त्यात मावेल तेवढे आठवणीचे राहील. मुलाला स्वतः निवडू द्या, मुलीसाठी तुम्ही निवडा. बाकीच्या कपड्यांबद्दल 'हे आता एका छोट्या बाळाला देऊ या का?' असे त्याला आधी विचारत गेलात, तर तो कदाचित तुमच्यापेक्षा सहज सोडून देईल.

तुमच्यापेक्षा, असे मुद्दाम लिहिले. ज्या कपड्यांचे भाव तुम्ही सर्वांत चढे ठेवले आहेत त्यांची यादी तुम्ही पत्रात दिली आहे, आणि ते बहुतेक सारे मुलीच्या पहिल्या वर्षातले आहेत. तिसरे मूल नको हा निर्णय विचारपूर्वक आणि योग्य असू शकतो, आणि तरीही ते टोपडे हातातून जाताना पोटात कालवू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. कोणीच घेणार नाही इतका भाव ठेवणे हीसुद्धा न विकण्याचीच एक रीत आहे. ती तुम्ही अनवधानाने वापरत असाल, तर ते चार-सहा कपडे जाहिरातीतून सरळ काढून घ्या आणि डब्यात ठेवा. त्यांना विक्रीला लावून दर आठवड्याला नकार ऐकण्यापेक्षा ते बरे. काही महिन्यांनी मन तयार झाले, तर तेव्हा द्या.

घरखर्चाच्या हातभाराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. वापरलेले कपडे विकून जे येते ती मिळकत नव्हे, ती आधी झालेल्या खर्चाची अंशतः वसुली आहे, आणि साठा संपला की ती थांबते. त्यातून घर चालेल अशी आशा धरली की प्रत्येक न विकलेला कपडा अपयशासारखा वाटू लागतो. हे पैसे वेगळे ठेवून त्यातून मुलांच्या पुढच्या मापाचे कपडे घ्यायचे, तेही शक्य तितके वापरलेलेच, असे ठरवलेत तर हिशेब जमतो. उद्या दुसऱ्यांकडून कपडे घेऊन विकू लागलात, तर मात्र तो व्यापार होईल आणि त्याला तुमच्या इथल्या नोंदणीचे व कराचे नियम लागतील. युरोपीय संघात २०२३ पासून एका मंचावर वर्षाला ३० किंवा अधिक विक्री करणाऱ्या, अथवा २,००० युरोंहून अधिक मिळवणाऱ्या विक्रेत्यांची माहिती त्या मंचाला कर खात्याकडे द्यावी लागते. त्याचा अर्थ स्वतःच्या मुलांचे जुने कपडे घेतल्या भावाहून कमी दराने विकणाऱ्या आईवर कर लागतो असा नाही, पण नोंदी जपून ठेवण्याची सवय कोणत्याही देशात उपयोगी पडते.

एक शेवटची सूचना, जी तुमचे रात्रीचे तास सर्वांत जास्त वाचवील. ज्यांनी तुमच्याकडून कपडे घेतले आणि समाधानाने कळवले, त्यांच्यापैकी कोणाचे मूल तुमच्या मुलीपेक्षा वर्षभराने लहान आहे का ते पाहा. असेल, तर त्या आईला विचारा, 'मुलीचे माप बदलेल तसा दर वेळी पूर्ण गठ्ठा आधी तुम्हाला कळवू का?' असे एक घर मिळाले की फोटो, जाहिरात आणि घासाघीस यांची गरजच उरत नाही. त्याचप्रमाणे तुमच्या मुलापेक्षा वर्ष-दीड वर्षाने मोठे मूल असलेली एखादी आई शोधा आणि तिच्याकडे तुमचे नाव आधीच सांगून ठेवा.